पूल पाडण्याअगोदर हिशेब मागा

कापडाच्या धंद्यात जुना रिवाज आहे की गाठ फोडण्याअगोदर भाव ठरवायचा. गाठ फुटली, तागे गादीवर पसरले आणि मग भावाची बोलणी सुरू झाली, तर देणारा किंवा घेणारा यांपैकी एकजण अडकलेला असतो. मुंबईतल्या जुन्या पुलांच्या बाबतीत गेल्या दहा वर्षांत आपण अडकलेल्या माणसासारखे वागलो. पूल पाडू दिला, रस्ता बंद होऊ दिला आणि मग दुकानाच्या ओट्यावर बसून एकमेकांना विचारत राहिलो, नवा कधी होणार? ज्यांना विचारायला हवे होते त्यांना विचारले नाही, आणि विचारले तेव्हा उशीर झाला होता.

हा लेख इंजिनिअरिंगवर नाही. ते माझे क्षेत्र नाही. पूल बदलण्याच्या कामात निर्णय कोण घेतो, लोकांना कुठे बोलता येते आणि काम लांबले तर जबाब कोणाकडे मागायचा, एवढेच व्यापारी आणि कारागीर बंधूंसाठी सांगायचे आहे.

प्रथम पूल बदलावे का लागतात ते पाहू. मध्य आणि पश्चिम रेल्वेच्या रुळांवरून जाणारे आपले बरेच पूल इंग्रजांच्या काळातले. कर्नाक पूल दीडशे वर्षांहून जुना होता. हँकॉक पूल १८७९ चा, १९२३ मध्ये पुन्हा उभारलेला. सायनचा १९१२ चा आणि एल्फिन्स्टनचा १९१३ चा. लोखंड गंजते, दगडी खांब थकतात, हे एक कारण. दुसरे कारण रेल्वेचे. मुंबईच्या लोकल पूर्वी १,५०० व्होल्टच्या डीसी विजेवर धावत, त्या पुढे २५,००० व्होल्टच्या एसी विजेवर आणल्या गेल्या. विजेचा दाब वाढला की तार आणि पुलाचा तळ यांत जास्त अंतर लागते. जुने पूल ठेंगणे पडले, त्यांच्याखाली गाड्यांचा वेग कमी ठेवावा लागे. तिसरे कारण जादा रुळांचे. नव्या मार्गिका टाकायच्या तर जुन्या खांबांमधली जागा पुरत नाही. म्हणजे पूल पाडण्याची गरज बहुतेक वेळा खरी असते. ‘आमचा जुना पूल चांगला होता’ असे म्हणत बसण्यात अर्थ नाही. १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी सीएसएमटीजवळचा हिमालय पादचारी पूल कोसळला आणि सात माणसे गेली. त्या पुलाची तपासणी झाली होती, किरकोळ दुरुस्ती सुचवून तो वापरण्याजोगा ठरवला गेला होता. कागदावरचा ‘फिट’ शेरा पुलाला उभा ठेवत नाही, हे त्या दिवशी सगळ्यांना कळले.

प्रश्न पाडण्याचा नाही. पाडण्याअगोदर काय ठरले होते, याचा आहे.

हँकॉकची साडेसहा वर्षे

डोंगरी, नूरबाग, उमरखाडीची बाजू माझगावला जोडणारा हँकॉक पूल आपल्यापैकी कित्येकांच्या रोजच्या पायाखालचा होता. जानेवारी २०१६ मध्ये अठरा तासांचा ब्लॉक घेऊन रेल्वेने तो उतरवला. रेल्वेचे काम चोख झाले, ठरल्या वेळेत गाड्या पुन्हा सुरू झाल्या. वर्तमानपत्रांत फोटो आले. पण त्या दिवशी इकडच्या माणसाने तिकडे कसे जायचे, याचे उत्तर कोणाकडे तयार नव्हते. पायी जाणाऱ्यांसाठी तात्पुरता पूलही बांधलेला नव्हता. शाळेची पोरे, कामावर जाणाऱ्या बाया, म्हातारे लोक रूळ ओलांडू लागले. मग एका नागरिकाने हायकोर्टात जनहित याचिका दाखल केली आणि पादचाऱ्यांच्या सोयीचे काय, असे कोर्टाला पालिकेला व रेल्वेला विचारावे लागले. जो प्रश्न पूल पाडण्याच्या सहा महिने आधी एखाद्या बैठकीत विचारायचा, तो नंतर न्यायमूर्तींनी विचारला.

पुढची हकीकत तुम्हाला ठाऊक आहेच. ज्या कंत्राटदाराला काम दिले त्याचे नाव रस्तेकामांच्या घोटाळ्यात आले, ते कंत्राट गेले, नव्याने निविदा काढावी लागली. मग कोविडची दोन वर्षे आली, ते मात्र कोणाच्या हातात नव्हते. ऑगस्ट २०२२ मध्ये पूल वाहनांसाठी खुला झाला, तोही अर्धाच, कारण उरलेल्या बाजूच्या उताराच्या वाटेत इमारती उभ्या होत्या. त्या इमारती काही २०१६ नंतर उगवल्या नव्हत्या. नकाशा काढणाऱ्याला त्या दिसत होत्या. त्यांतल्या रहिवाशांचे काय करायचे हे अगोदर ठरवले असते तर पुलाचा दुसरा भाग अडून राहिला नसता.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. पूल पाडला तेव्हा पालिकेत निवडून आलेले नगरसेवक होते. त्यामुळे नगरसेवक असले की सगळे सुरळीत होते असे कोणी समजू नये. पण ते नसले की काय होते तेही आपण पाहिले. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. या जवळजवळ चार वर्षांत कर्नाक पडला आणि उभा राहिला, अंधेरीचा गोखले पूल पडला आणि उभा राहिला, सायन बंद झाला, बेलासिस बंद झाला, एल्फिन्स्टन बंद झाला. सगळा कारभार प्रशासकाच्या हाती. सभागृहात उभे राहून ‘साहेब, तारीख सांगा’ असे विचारणारा वॉर्डाचा माणूस नव्हता.

कर्नाक, आणि धंद्यावर त्याचा भार

कर्नाक पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये सत्तावीस तासांच्या ब्लॉकमध्ये पाडला गेला. पी. डिमेलो रोडची बाजू आणि क्रॉफर्ड मार्केट, महंमद अली रोडची बाजू यांना जोडणारा हा रस्ता. बंदराकडून येणारा माल, मशीद बंदरची गोदामे, मंगळदास मार्केटच्या पेढ्या, सगळ्यांचा या पुलाशी कधी ना कधी संबंध आलेला. नवा पूल १० जुलै २०२५ रोजी खुला झाला आणि त्याला ‘सिंदूर’ हे नाव मिळाले. जुने नाव १८३९ ते १८४१ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या जेम्स रिव्हेट कर्नाकचे होते, ज्याच्या काळात साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढले गेले. त्यामुळे नाव बदलल्याचे कोणाला दुःख नाही. माझ्यासारखे जुने लोक तोंडाने अजून कर्नाकच म्हणतात, ती जिभेची सवय.

पाडल्यापासून उघडेपर्यंत दोन वर्षे आणि पावणेआठ महिने गेले. हँकॉकशी तुलना केली तर हे काम बरे म्हणावे लागेल. रुळांवर टाकलेले दोन्ही गर्डर प्रत्येकी सुमारे ५५० टन वजनाचे. पहिला ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि दुसरा जानेवारी २०२५ मध्ये सरकवला गेला. अशा कामासाठी रेल्वेला रात्री गाड्या बंद ठेवाव्या लागतात, लाखो प्रवाशांचा प्रश्न असतो, म्हणून ब्लॉक मागितला आणि लगेच मिळाला असे होत नाही. हे सगळे मान्य. पण जूनमध्ये काम पुरे झाल्यावरही पूल उद्घाटनाची वाट पाहत राहिला, विरोधी पक्षांना रस्त्यावर उतरावे लागले, हे मात्र कोणत्याही इंजिनिअरिंगमध्ये बसत नाही. आपल्या गोदामात तयार माल पडून आहे, गिऱ्हाईक दारात उभे आहे आणि आपण फीत कापणाऱ्या पाहुण्याची वाट पाहत शटर खाली ठेवतो, असे कोणता व्यापारी करील?

त्या काळात मी रोजमेळाच्या मागच्या पानावर एक वेगळा रकाना आखला होता. वळशामुळे हातगाडीवाल्याला जादा दिलेले भाडे, टेम्पोची दुसरी फेरी, उशीर झाला म्हणून दुसऱ्या दिवशी गेलेली बिल्टी. एकेक रक्कम छोटी, चहापाण्याच्या खर्चाएवढी. वर्षाअखेरीस बेरीज केली तेव्हा मुलाने पान दोनदा पाहिले. माझे तर दुकान होते. जो हातगाडी ओढतो त्याचा हिशेब वेगळा. दिवसाच्या फेऱ्या कमी झाल्या की त्याची मजुरी तेवढी कमी, आणि वळसा लांब म्हणून पाय जास्त दुखणार. त्याचा रकाना कोणत्या वहीत लिहिला जातो?

जमीन किंवा गाळा सरकारने घेतला तर भरपाईचा कायदा आहे. रस्ता बंद झाल्यामुळे गिऱ्हाईक तुटले, भाडे वाढले, याची भरपाई कोणाला मिळाल्याचे माझ्या पाहण्यात नाही. म्हणून तर तारीख, पर्यायी रस्ता आणि पायवाट, या तीन गोष्टींवर अगोदर भांडायचे असते. नंतर मागण्यासारखे काही हातात राहत नाही.

दोन मालकांचे घर

रेल्वेवरून जाणाऱ्या पुलाचे खरे दुखणे असे की त्याचे मालक दोन. रुळांच्या वरचा भाग रेल्वेच्या हद्दीत, दोन्हीकडचे उतार पालिकेच्या हद्दीत. नकाशा पालिकेने केला तरी रेल्वेची मंजुरी लागते. गर्डर टाकायला रेल्वे सुरक्षा आयुक्तांची परवानगी लागते. मध्ये सल्लागार कंपनी असते, जशी कर्नाक आणि गोखले पुलांच्या कामांत राइट्स ही रेल्वेचीच सरकारी कंपनी होती. एल्फिन्स्टनच्या कामात तर पालिकेऐवजी एमएमआरडीए आली. एवढे हात लागले की जबाबदारी हातातून हातात फिरते. आमच्या उर्दू शाळेत ‘जवाबदेही’ असा शब्द होता, म्हणजे जवाब देण्याचे काम. मास्तर विचारत, फळा कोणी पुसला नाही, तर सगळा वर्ग एकमेकांकडे बोट दाखवी. ते चित्र मला मोठेपणी फार वेळा आठवले आहे.

अंधेरीचा गोखले पूल हे त्याचे ठळक उदाहरण. ३ जुलै २०१८ च्या पावसाळी सकाळी त्याच्या पदपथाचा भाग रुळांवर कोसळला. माणसे जखमी झाली, जीव गेला. पूल कोणाचा, तपासणी कोणी करायची, यावर रेल्वे आणि पालिका यांच्यात वाद झाला. चौकशीत गंजलेले लोखंड, पदपथावर वाढलेले ओझे, त्याखालून नेलेल्या केबल, अशी कारणे पुढे आली. ओझे एका दिवसात वाढत नाही. वर्षानुवर्षे कोणीतरी परवानगी देऊन केबल टाकल्या, कोणीतरी फरशी बसवली, आणि सगळ्याची बेरीज कोणी केली नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये पूल वाहनांना बंद झाला. तेव्हा पाडायचा कोणी, हाच पहिला वाद. शेवटी रुळांवरचा भाग रेल्वेने पाडला.

यापुढचा प्रकार तर शिंप्याच्या दुकानात घडला असता तर गिऱ्हाइकाने कपडा तोंडावर फेकला असता. फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या गोखले पुलाची एक बाजू उघडली, आणि शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल, जो त्याला जोडायचा होता, तो दीड मीटरहून जास्त खाली राहिला. दोन पूल, मध्ये हवा. रेल्वेच्या नव्या नियमाप्रमाणे गोखले पुलाची उंची वाढवावी लागली, असे कारण देण्यात आले. नियम खरा असेल. पण उंची वाढणार हे ज्या दिवशी कागदावर आले, त्याच दिवशी बर्फीवाल्याचे काय, हा प्रश्न दुसऱ्या कागदावर यायला हवा होता. शेवटी व्हीजेटीआयच्या तज्ज्ञांचा सल्ला घेऊन बर्फीवाला पूल जॅक लावून वर उचलला आणि जुलै २०२४ मध्ये जोड पुरी झाली. उचलण्याचे काम ज्यांनी केले त्यांची कारागिरी वाखाणण्यासारखी आहे, यात शंका नाही. पण ते दुरुस्तीचे काम होते, आणि दुरुस्तीचा खर्च करदात्याच्या खिशातून गेला. संपूर्ण गोखले पूल मे २०२५ मध्ये खुला झाला.

आता असे समजा की नकाशा मंजूर होण्याअगोदर तो अंधेरीच्या दोन्ही बाजूंच्या लोकांपुढे मांडला असता. सगळ्यांना तो कळला नसता. पण अंधेरीत निवृत्त इंजिनिअर, आर्किटेक्ट, कंत्राटदार काय कमी आहेत? त्यांतल्या एकाने तरी विचारले असते, ‘साहेब, हा पूल त्या पुलाला कुठे भेटतो?’ लोकांचा सहभाग म्हटले की अधिकाऱ्यांना मोर्चा आणि घोषणा आठवतात. त्याचा एक उपयोग असाही आहे की चूक फुकटात पकडली जाते.

ज्यांनी अगोदर विचारले

आता दुसरी बाजू. सायनचा पूल जानेवारी २०२४ मध्ये बंद करायचे ठरले होते. धारावीची, चामड्याच्या आणि शिवणकामाच्या धंद्यातली कितीतरी माणसे याच वाटेने पूर्वेला जातात. पर्यायी रस्त्याची सोय नीट नाही, अशी ओरड रहिवाशांनी आणि लोकप्रतिनिधींनी केली. तारीख पुढे गेली. मग दहावी-बारावीच्या परीक्षा, मग लोकसभेची निवडणूक. अखेर १ ऑगस्ट २०२४ पासून पूल बंद झाला. कोणी म्हणेल, यात लोकांनी काय मिळवले, काम सहा महिने लांबले एवढेच. मी म्हणेन, परीक्षेच्या दिवसांत पोरे अडकली नाहीत. आणि हे बोलणे पूल उभा असताना झाले. पाडल्यावर अशी कोणी तारीख पुढे ढकलू शकत नाही.

एल्फिन्स्टनचे उदाहरण याहून मोठे आहे. तेथे जुन्या पुलाच्या जागी दोन मजली पूल होणार, आणि त्याला लागून शिवडी-वरळी जोडरस्ता. एप्रिल २०२५ मध्ये वाहतूक पोलिसांनी पूल बंद करण्याबाबत लोकांकडून हरकती आणि सूचना मागवल्या. बंद करण्याची वेळ आली तेव्हा रहिवासी रस्त्यावर आले. लक्ष्मी निवास आणि हाजी नूरानी या दोन इमारतींतली ८३ कुटुंबे या कामात बाधित होत होती, आणि त्यांचे म्हणणे साधे होते की आम्हाला कुठे ठेवणार ते लिहून द्या, मग पूल बंद करा. बंदी लांबली, बैठका झाल्या, म्हाडाची घरे देण्याचे ठरले. १२ सप्टेंबर २०२५ च्या रात्री पूल बंद झाला. त्यांनी पुलाला विरोध केला नाही. त्यांनी क्रम उलटा होऊ दिला नाही.

दुकानदारांचे उदाहरण हवे असेल तर थोडे मागे जावे लागेल, आणि ते पुलाचे नसून सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्याचे आहे. त्या रस्त्यासाठी जागतिक बँकेचे कर्ज होते. कुर्ल्यातल्या दुकानदारांची दुकाने वाटेत येत होती. मोठा गाळा असलेल्यालाही मोबदल्यात २२५ चौरस फूटच मोफत, आणि तेही जुन्या गिऱ्हाइकापासून दूर. पुनर्वसन इमारतीतला कोपरा म्हणजे बाजारपेठ नव्हे, हे ज्याने काउंटरवर बसून धंदा केला त्यालाच कळते. २००४ मध्ये या दुकानदारांच्या संघटनेने सरळ जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाकडे, म्हणजे इन्स्पेक्शन पॅनेलकडे, तक्रार केली. मंडळाने चौकशी केली, बाधितांशी नीट सल्लामसलत झाली नाही, दुकानदारांचा विचार अपुरा झाला, असे निष्कर्ष काढले. मार्च २००६ मध्ये बँकेने त्या कामाचे पैसे काही महिने रोखले. त्यानंतर दुकानदारांना जास्त पर्याय देण्याची बोलणी सुरू झाली. सगळ्यांचे समाधान झाले असे मी म्हणत नाही. रस्ता २०१४ मध्ये उघडला, म्हणजे वेळ भरपूर गेला. पण कोणाच्या पैशाने काम चालले आहे हे शोधून त्याच्याच दारात हिशेब मागायचा, ही अक्कल कुर्ल्याच्या दुकानदारांनी दाखवली.

कोणते कागद मागायचे

जुन्या पुलाच्या जागी नवा बांधताना जनसुनावणी घेतलीच पाहिजे असा सर्वसाधारण नियम नाही. म्हणून लोक समजतात की आपल्याला काही अधिकारच नाही. तसे नाही. माहितीचा अधिकार कायदा २००५ चा आहे. त्याचे कलम ४ फार थोडे लोक वाचतात. त्यात लिहिले आहे की लोकांवर परिणाम करणारा निर्णय जाहीर करताना त्याबाबतची सर्व महत्त्वाची माहिती सरकारी कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करावी, आणि निर्णयामागची कारणे बाधित माणसांना सांगावीत. म्हणजे पूल बंद होण्याअगोदर ‘कारणे आणि माहिती द्या’ असे आपण म्हणतो ती मेहरबानी मागणे नव्हे.

त्याच कायद्यात, कलम २ मध्ये, काम प्रत्यक्ष पाहण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क दिला आहे. कापड घेताना आपण कोपरा चिमटीत धरून पाहतो, तसेच.

कागदांपैकी माझ्या मते सगळ्यांत कामाचा कागद मुदतवाढीचा. याकडे कोणाचे लक्ष जात नाही म्हणून जरा थांबून सांगतो. कंत्राटात कामाची मुदत लिहिलेली असते आणि उशीर झाला तर दंडाचे कलम असते. काम लांबले की कंत्राटदार मुदतवाढीचा अर्ज करतो. त्या अर्जावर खात्याला कारण लिहावे लागते. रेल्वेचा ब्लॉक मिळाला नाही, पाऊस आला, वाटेतली बांधकामे हटली नाहीत, नकाशा बदलला. उशीर खात्यामुळे झाला असे लिहिले गेले तर कंत्राटदाराला सहसा दंड होत नाही, आणि कंत्राटात तशी अट असेल तर भाववाढही मिळते. उशीर त्याच्यामुळे झाला असे लिहिले तर दंड बसतो. बाहेर जाहीर सभेत कोणी काहीही सांगो, आत या एका पानावर सहीनिशी लिहिलेले असते की दोष कोणाचा. हे पान मागा. मुदतवाढ तीनदा झाली असेल तर तिन्ही पाने मागा आणि शेजारी ठेवून वाचा. कधी कधी पहिल्या पानातले कारण तिसऱ्या पानात गायब झालेले असते.

त्याखेरीज मंजूर नकाशा, कामाचा आदेश, सल्लागाराशी झालेला करार, पर्यायी वाहतुकीचा आराखडा, आणि काम पुरे झाल्यावर दोष निघाला तर किती वर्षे कंत्राटदाराने फुकट दुरुस्त करायचा ती अट. रेल्वे आणि पालिका यांच्यातला पत्रव्यवहारही मागता येतो. कोणी कोणाला कधी लिहिले आणि उत्तर किती दिवसांनी आले, हे तारखांवरून उघड होते.

एकदा आम्ही चार दुकानदार अशाच एका कामाची चौकशी करायला एका कार्यालयात गेलो होतो. त्याचे नाव घेत नाही. टेबलावरच्या साहेबाने चहा दिला, पंखा लावला, आणि सांगितले की हे आमच्याकडे नाही, पलीकडच्या कार्यालयात विचारा. पलीकडे गेलो तर त्यांनी पहिल्या कार्यालयाचा पत्ता दिला. दिवस गेला. घरी येऊन मुलाने अर्ज लिहिला, तोंडी विचारलेलाच प्रश्न लेखी केला, आणि उत्तर टपालाने आले. अपुरे होते, पण त्यावर नाव, हुद्दा आणि सही होती. तोंडी उत्तराला सही नसते.

अर्ज दोन करावेत, पालिकेला एक आणि रेल्वेला एक, कारण दोघांची दप्तरे वेगळी. पालिकेच्या अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चालतो. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. रेल्वे केंद्र सरकारची, तिथे दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावावी, शब्दांची मर्यादा पाचशे. उत्तर तीस दिवसांत यायला हवे. नाही आले किंवा अर्धवट आले तर पुढच्या तीस दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे पहिले अपील, आणि तेथेही न पटल्यास नव्वद दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरे. पालिकेसाठी राज्याचा आयोग, रेल्वेसाठी केंद्राचा. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तर त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. तो परत करून तुम्हाला हेलपाटे मारायला लावायचे नसतात.

‘का केले’, ‘असे का नाही केले’ असे प्रश्न लिहू नयेत, त्यांना उत्तर मिळत नाही. ‘अमुक कामाच्या मुदतवाढीच्या सर्व आदेशांच्या प्रती द्याव्यात’ असे लिहावे. वाद घालू नये, कागद मागावा.

अर्ज मराठीत, हिंदीत किंवा इंग्रजीत चालतो. माझ्यासारख्या उर्दूत शिकलेल्याला मराठी अर्जाची भाषा अवघड वाटते, म्हणून आमच्या मोहल्ल्यात हे काम शाळेतली पोरे करतात आणि चांगले करतात. ज्याला लिहिताच येत नाही, त्या हमालाने किंवा कारागिराने कार्यालयात जाऊन तोंडी सांगितले तर ते लिहून घ्यायला मदत करणे माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. हे कलम ६ मध्ये आहे. जाताना बरोबर एकजण असावा, आणि आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये.